दाढी उतरवलेली मोहीम : न्यू हॅम्पशायर, १९६८

दाढी ठेवलेल्या मुलाला मतदाराच्या दारात पाठवायचे नाही, असा नियम एखाद्या प्रचार कार्यालयाने आज केला तर त्याची चेष्टाच होईल. १९६८ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात व्हिएतनाम युद्धाला विरोध करत अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे सिनेटर युजीन मॅकार्थी यांच्या प्रचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांनी मात्र तो फारशी कुरकुर न करता पाळला होता. कोणी दाढी उतरवली, कोणी केस कापले, मुलींनी आखूड स्कर्ट बाजूला ठेवले. ज्यांना यातले काहीच मान्य नव्हते त्यांना कार्यालयाच्या मागच्या खोलीत पाकिटांवर पत्ते घालायला आणि मतदारांची कार्डे लावायला बसवण्यात आले. ‘जीन’ हे युजीनचे घरगुती रूप. त्यावरून ‘क्लीन फॉर जीन’ हे यमक जुळले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. विद्यार्थ्यांनी केलेल्या निवडणूक कामाचे उदाहरण म्हणून हे प्रकरण आजही सांगितले जाते, आणि बहुतेक वेळा ते तरुणांच्या ध्येयवादाची गोष्ट म्हणूनच सांगितले जाते. ध्येयवाद त्यात होताच. पण अभ्यास म्हणून पाहायचे तर हे प्रकरण कामाच्या एका पद्धतीचे आहे. त्या पद्धतीने नेमके काय साधले आणि ती कुठे जाऊन अडली, हे या एका राज्याच्या लढतीत आणि तिच्या पुढच्या पाच-सहा महिन्यांत जितके स्पष्ट दिसते तितके ते फार थोड्या ठिकाणी दिसते.

लढत कशी उभी राहिली

१९६४ ची अध्यक्षीय निवडणूक लिंडन जॉन्सन यांनी ६१ टक्के मते घेऊन जिंकली होती. तीन वर्षांत व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य पाच लाखांच्या जवळ पोहोचले, सक्तीच्या सैन्यभरतीची झळ घराघरांत लागू लागली, आणि १९६७ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतच जॉन्सन यांना दुसऱ्यांदा उमेदवारी मिळू नये अशी खटपट सुरू झाली. या खटपटीच्या मागे अ‍ॅलार्ड लोवेनस्टाईन या युद्धविरोधी कार्यकर्त्याचे नाव मुख्य होते. सत्तेवरच्या अध्यक्षाविरुद्ध उभा राहील असा माणूस शोधत ते सिनेटर रॉबर्ट केनेडींकडे गेले, सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडेही गेले. दोघांनी नकार दिला. अखेर मिनेसोटाचे सिनेटर मॅकार्थी तयार झाले आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी आपली उमेदवारी जाहीर केली. कविता करणारे, एके काळी बेनेडिक्टाईन मठात काही महिने राहून आलेले, महाविद्यालयात शिकवलेले हे गृहस्थ टाळ्याखाऊ भाषणांचे नव्हते. त्यांच्या सभा ऐकून अंगावर काटा येई असे कोणी म्हटलेले नाही. आवेशाची अपेक्षा ठेवून आलेले लोक बरेचदा हिरमुसले होऊन परतत.

इथे एक गोष्ट आपल्या वाचकासाठी सांगून ठेवली पाहिजे. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात आणि ते का मिळाले किंवा का कापले गेले याचा हिशोब कोणालाच द्यावा लागत नाही. अमेरिकेत काही राज्यांत पक्षाचा उमेदवार कोण असावा याचा कौल पक्षाचे नोंदणीकृत मतदारच मतपेटीतून देतात. या पूर्वनिवडणुकीला प्रायमरी म्हणतात. अध्यक्षीय वर्षातली पहिली प्रायमरी न्यू हॅम्पशायरची असे. त्या राज्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे सात लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण पहिला नंबर असल्यामुळे देशभरचे पत्रकार तिथे तळ ठोकून बसत. मॅकार्थी यांच्या मनात प्रथम हे राज्य नव्हतेच. राज्याचा कल पुराणमतवादी, मँचेस्टरचे ‘युनियन लीडर’ हे सर्वांत मोठे दैनिक कट्टर उजव्या मताचे, पोर्ट्समथमध्ये नौदलाची गोदी. युद्धविरोधी उमेदवाराने इथे यावे असे काहीच नव्हते. डार्टमथ महाविद्यालयात काम करणारे डेव्हिड हो आणि राज्याची राजधानी काँकर्डजवळच्या एका शाळेतले शिक्षक गेरी स्टड्स या स्थानिक कार्यकर्त्यांनी आग्रह धरला, लहान राज्यात थोडक्या साधनांत मतदारापर्यंत पोहोचता येते हे पटवून दिले, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅकार्थी यांनी होकार भरला.

मतदानाची तारीख १२ मार्च होती. हातात दहा आठवडे होते, पैसा बेताचा, संघटना शून्य. देशपातळीवरच्या जनमत चाचण्यांत मॅकार्थी जॉन्सन यांच्या फार मागे होते.

मनुष्यबळ कुठून आले

या पोकळीत विद्यार्थी आले. हार्वर्ड, येल, कोलंबिया, कॉर्नेल, स्मिथ अशा महाविद्यालयांतून सुरुवातीला थोडे, मग शनिवार-रविवारी शेकड्यांनी, आणि शेवटच्या पंधरवड्यात हजारांच्या घरात. भूगोल त्यांच्या बाजूने होता: बोस्टन ते काँकर्ड हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी तास बुडवून निघालेला मुलगा रात्री तिथे पोहोचे आणि रविवारी रात्री वसतिगृहात परत येई. काहींनी सत्रच सोडून दिले. राहण्याची सोय चर्चच्या तळघरात, व्यायामशाळेत, सहानुभूतिदारांच्या घरी. स्लीपिंग बॅग आपापली आणायची. विद्यार्थ्यांची जुळवाजुळव सॅम ब्राउन यांच्याकडे होती. हार्वर्डमध्ये धर्मशास्त्र शिकणारा चोवीस वर्षांचा हा तरुण आयोवा राज्यातल्या काउन्सिल ब्लफ्सचा, विद्यार्थी संघटनेच्या राजकारणात मुरलेला. छोट्या गावातला मतदार शहरी विद्यापीठाच्या पोराकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण तो स्वतः तशाच गावातून आला होता.

या गर्दीची दोन कारणे कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतात. ३० जानेवारीला, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग (दक्षिणेतले कम्युनिस्ट बंडखोर) यांनी दक्षिणेतल्या शहरांवर एकाच वेळी हल्ले चढवले. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव इथल्या अमेरिकी दूतावासाच्या आवारात शिरलेले हल्लेखोर अमेरिकेतल्या घराघरांतील दूरचित्रवाणीवर दिसले, आणि युद्ध जिंकत आल्याचे सरकारी आश्वासन एका आठवड्यात पोकळ ठरले. दुसरे कारण अधिक घरगुती होते. १६ फेब्रुवारीला पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सैन्यभरतीतून मिळणारी सूट, वैद्यकीय वगैरे काही शाखा सोडल्यास, काढून घेण्यात आली. त्या वर्षी पदवी घेणाऱ्या मुलासाठी युद्ध हा चर्चासत्राचा विषय राहिला नाही. स्वार्थ आणि तत्त्व यांची अशी गाठ पडली की कार्यकर्ता पदरमोड करून, बर्फ तुडवत येतो. त्यातले तत्त्व किती आणि स्वार्थ किती हे वेगळे काढण्याचा प्रयत्न मला निरर्थक वाटतो.

मात्र एक विसंगती नोंदवली पाहिजे. यांतल्या बहुसंख्यांना स्वतःला मत नव्हते. बरेचसे परराज्यांतले होते, आणि मतदानाचे वय तेव्हा अमेरिकेत बहुतेक ठिकाणी २१ होते, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला सैन्यात पाठवता येत होते पण मतदान केंद्रात नाही. हे वय १८ वर आणणारी राज्यघटनादुरुस्ती अमेरिकेत जुलै १९७१ मध्ये मंजूर झाली. आपल्याकडे तो बदल ६१ व्या घटनादुरुस्तीने झाला आणि १९८९ मध्ये अमलात आला.

दारातले काम

प्रचाराचे खरे काम कसे चालले ते जवळून पाहण्याजोगे आहे. राज्यातल्या प्रत्येक गावाची मतदार यादी असे आणि तीत मतदाराची पक्षनोंदणीही असे. कार्यालयात बसलेल्या मुलांनी या याद्यांवरून घरटी कार्डे तयार केली, ती रस्त्यांप्रमाणे लावली, नकाशे काढले, आणि दारोदार फिरणाऱ्या मुलाच्या हाती त्याच्या वाट्याची गल्ली दिली. मुलाने जायचे, आपण कोण हे सांगायचे, मत ठरले आहे का ते विचारायचे, पत्रक द्यायचे, आणि घरातले माणूस बोलू लागले तर ऐकायचे. वाद घालायचा नाही, युद्धावर व्याख्यान द्यायचे नाही, आवाज चढवायचा नाही. दार बंद झाल्यावर फुटपाथवर उभे राहून मतदाराचा कल कोणीकडे आहे याची श्रेणी कार्डावर टाकायची. रात्री ती कार्डे कार्यालयात परत येत, पक्की आणि कुंपणावरची मते वेगळी होत, आणि कुंपणावरच्यांकडे पुन्हा कोणीतरी जाई किंवा फोन करी. मतदानाच्या दिवशी पक्क्या मतदारांना आठवण करणे, लागल्यास गाडी पाठवणे, म्हणजे आपल्या भाषेत मतदार बाहेर काढणे, याच कार्डांवरून झाले.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात पोलचिट वाटत चार-चार मजले चढलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. काम तेच आहे. नवल आहे ते करणाऱ्याच्या शिस्तीचे. ज्या मुलांनी आदल्या शरदात पेंटॅगॉनपुढच्या मोर्चात घोषणा दिल्या असतील, ज्यांच्या वयाचा सगळा आवेश युद्ध थांबवा असे ओरडून सांगण्याचा होता, त्यांना दारात उभे राहून गप्प बसायला शिकवण्यात आले. आपल्याकडे कार्यकर्त्याला सतरंज्या उचलायला लावतात आणि बोलायचे काम नेता स्वतःकडे ठेवतो. इथे कार्यकर्त्याला दिलेले काम सतरंजी उचलण्याहून अवघड होते, कारण त्यात आपले मत गिळायचे होते.

हे गप्प बसणे का लागू पडले, याचे उत्तर दाराच्या आतल्या माणसात आहे. मँचेस्टरच्या कापडगिरण्यांचे मोठे साम्राज्य तीसच्या दशकातच बुडाले होते, आणि त्या गिरण्यांसाठी कधी काळी कॅनडातून आलेल्या फ्रेंच भाषक कॅथलिक कुटुंबांच्या वस्त्या मागे राहिल्या होत्या. उत्तरेला बर्लिनसारखी कागद कारखान्याची गावे होती. या घरांतली मुले महाविद्यालयाच्या सवलतीने सुटलेली नव्हती. ती व्हिएतनाममध्ये होती, किंवा जाणार होती. अशा घराच्या दारात येलचा एक मुलगा उभा आहे, ज्याला परवापर्यंत सूट होती, आणि तो या युद्धाविषयी बोलू पाहतो आहे, ही परिस्थिती किती स्फोटक होती हे लक्षात घेतले पाहिजे. टीव्हीवर दिसणारा विद्यार्थी झेंडा जाळणारा, शिव्या देणारा होता. दारात आलेला केस विंचरून, पायपुसण्यावर बुटांचा बर्फ झटकून ‘सर’, ‘मॅडम’ म्हणत होता. दाढीच्या नियमामागचा हिशोब हा होता. आपल्या मुलासारखा दिसणारा मुलगा इतक्या थंडीत कोणाच्या तरी प्रचारासाठी हिंडतो आहे, यावरूनच पुष्कळ मतदारांनी उमेदवाराविषयी ग्रह करून घेतला. उमेदवाराच्या कोरड्या भाषणांनी जे झाले नसते ते या पोरांच्या वागण्याने झाले.

प्रतिपक्षाची मदत

विरोधकांच्या चुका मोजल्याशिवाय कोणत्याही निवडणुकीचा हिशोब पुरा होत नाही. जॉन्सन यांनी आपली उमेदवारी अधिकृतपणे जाहीर केली नव्हती, त्यामुळे मतपत्रिकेवर त्यांचे नाव नव्हते. त्यांच्या समर्थकांना ते हाताने लिहावे लागणार होते. गव्हर्नर जॉन किंग आणि सिनेटर थॉमस मॅकिन्टायर या राज्यातल्या दोन वजनदार नेत्यांनी या मोहिमेला पाठबळ दिले. मतदारांनी आठवणीने नाव लिहावे म्हणून त्यांनी एक शक्कल काढली: अनुक्रमांक घातलेली तीन तुकड्यांची वचनकार्डे. जॉन्सन यांचे नाव लिहीन असे मतदाराने सही करून कबूल करायचे, एक तुकडा स्वतःजवळ ठेवायचा, एक पक्षाकडे जाणार, एक थेट व्हाइट हाउसकडे.

कागदावर ही युक्ती बिनतोड वाटते. प्रत्यक्षात तिच्यासारखा घात दुसऱ्या कशाने झाला नसता. आपण कोणाला मत देणार याची क्रमांकित नोंद वॉशिंग्टनला जाणार, ही कल्पना त्या राज्यातल्या फटकळ, स्वतंत्र बाण्याच्या मतदाराला मुळीच रुचली नाही. गुप्त मतदानाचे काय झाले, असा रोखठोक प्रश्न मॅकार्थी यांच्या जाहिरातींनी विचारला आणि पुढचे काम मतदाराच्या मनानेच केले. शेवटच्या दिवसांत जॉन्सन यांच्या बाजूने अशाही जाहिराती लागल्या की मॅकार्थी यांना मिळालेल्या मतांनी हनोईमध्ये, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत, आनंद होईल. ज्या मतदाराच्या दारात आदल्या दिवशीच एक सभ्य मुलगा येऊन गेला होता, त्याला हे देशद्रोहाचे शिक्के अंगाबाहेरचे वाटले. प्रतिपक्षाने कार्ड छापले, विद्यार्थ्यांनीही कार्डेच वापरली. फरक इतकाच की एक कार्ड मतदाराकडून सही मागत होते आणि दुसरे त्याच्या नजरेआड, फुटपाथवर भरले जात होते. (काटेकोर माणूस म्हणेल की मतदाराच्या मनाची नोंद दोघांनीही केली. ते खरे आहे, आणि या प्रकरणातला तो एक कमी चर्चिलेला मुद्दा आहे.)

१० मार्चच्या रविवारी न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की सेनापती वेस्टमोरलंड यांनी आणखी २,०६,००० सैनिक मागितले आहेत. दोन दिवसांनी मतदान होते.

निकाल आणि त्याचा अर्थ

डेमोक्रॅटिक बाजूने सुमारे ५५,००० मते पडली. जॉन्सन यांना २७,५२० म्हणजे पन्नास टक्क्यांना किंचित कमी, आणि मॅकार्थी यांना २३,२६३ म्हणजे सुमारे ४२ टक्के. आकड्यांनी पाहिले तर मॅकार्थी हरले. शिवाय रिपब्लिकन मतपत्रिकेवरही साडेपाच हजार लोकांनी मॅकार्थी यांचे नाव हाताने लिहिले होते. दोन्ही पक्षांच्या मतपत्रिकांची बेरीज केली तर दोघांतले अंतर अवघ्या २३० मतांवर आले. पत्रकारांनी हा निकाल जॉन्सन यांचा पराभव म्हणून छापला, कारण मॅकार्थी यांच्याकडून अपेक्षा याहून फार कमी मतांची बांधलेली होती.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. पक्षाचा उमेदवार अखेर ठरतो तो अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या मतांनी, आणि त्याच दिवशी शिकागोच्या पक्ष अधिवेशनासाठी २४ प्रतिनिधी निवडायचे होते. मॅकार्थी यांच्या बाजूने नेमके २४ जण उभे केले गेले. जॉन्सन यांच्या बाजूला नेत्यांनी कोणालाच दुखवायचे नाही असे ठरवल्यासारखे ४५ जण उभे राहिले, मते फुटली, आणि २४ पैकी २० जागा मॅकार्थी यांच्या पदरात पडल्या. बंडखोर अर्ज मागे घ्यायला न लावल्याने सत्ताधारी पक्षाची काय गत होते, हे महाराष्ट्राच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. पण याचे श्रेय विद्यार्थ्यांच्या पायपिटीला जात नाही. ते हो आणि स्टड्स यांच्यासारख्या, नियमांचे पुस्तक वाचलेल्या स्थानिक माणसांना जाते. दोन्ही कामांची गल्लत पुढच्या काळात सतत होत आली आहे.

आता सर्वांत अडचणीचा मुद्दा. हा निकाल युद्धविरोधी मताचा विजय होता का? मिशिगन विद्यापीठाच्या निवडणूक संशोधकांनी नंतर केलेल्या पाहणीत असे आढळले की न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थी यांना मत दिलेल्यांपैकी, जॉन्सन पुरेसे कठोरपणे लढत नाहीत म्हणून चिडलेले लोक युद्धातून माघार घ्यावी म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होते. प्रमाण जवळपास तीनास दोन. म्हणजे पुष्कळ मतदारांनी ज्या उमेदवाराला मत दिले त्याचे युद्धाविषयीचे मत त्यांच्या मताच्या उलट होते, आणि त्यांच्या दारात येऊन गेलेल्या मुलाचे तर त्याहून उलट.

या निष्कर्षावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे विद्यार्थ्यांनी मतदारांना फसवले, युद्धाचा विषय मुद्दाम लपवला. ती मला अन्यायाची वाटते. मॅकार्थी यांची भूमिका रोज वर्तमानपत्रांत येत होती आणि पत्रकांवरही होती, लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. दुसरी प्रतिक्रिया म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाचा काही उपयोगच नव्हता, नाराजी आपोआप मतपेटीत उतरली असती. हीही पटत नाही. नाराजी घरात असते. तिला एका विशिष्ट नावापुढे नेऊन उभे करायला कोणीतरी दार वाजवावे लागते, आणि ते दार वाजवणारा माणूस मतदाराला खटकणारा असेल तर ती नाराजी घरातच राहते. ऐकण्याच्या शिस्तीने हेच साधले: युद्ध हवे असणारा आणि युद्ध नको असणारा, दोघेही आपली तक्रार त्या मुलाजवळ बोलू शकले आणि दोघांनाही आपले कोणीतरी ऐकून घेतल्यासारखे वाटले. मन वळवणे मात्र झाले नाही. दहा आठवड्यांत, गप्प बसून, ते होणारही नव्हते.

विस्कॉन्सिन, आणि वगळलेली वस्ती

निकालानंतर चार दिवसांनी, १६ मार्चला, रॉबर्ट केनेडींनी आपली उमेदवारी जाहीर केली. बर्फात पाय बुडवून वाट तयार करायची आपण आणि गाडी हाकायची दुसऱ्याने, अशी भावना न्यू हॅम्पशायरहून परतलेल्या मुलांत उमटली, आणि ती समजण्यासारखी होती. तरी बहुतेक जण मॅकार्थी यांच्याबरोबरच विस्कॉन्सिनकडे वळले. तिथे २ एप्रिलला मतदान होते. यंत्रणा आता रुळली होती, मुले आणखी मोठ्या संख्येने आली, आणि तिथे आपण मोठ्या फरकाने हरणार असल्याचा अंदाज जॉन्सन यांच्याच माणसांनी त्यांना कळवला. ३१ मार्चच्या रात्री देशाला उद्देशून केलेल्या भाषणाच्या शेवटी जॉन्सन यांनी आपण पुन्हा उमेदवारी घेणार नसल्याचे जाहीर केले. विस्कॉन्सिनमध्ये मॅकार्थी यांना ५६ टक्के मते मिळाली.

याच विस्कॉन्सिनमध्ये मोहिमेची एक मर्यादाही उघडी पडली. मिलवॉकीच्या कृष्णवर्णीय वस्तीत मॅकार्थी यांनी प्रचाराला जावे की नाही यावरून वाद झाला, उमेदवार गेले नाहीत, आणि त्यांचे प्रसिद्धीप्रमुख सेमूर हर्श यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी व्हिएतनाममधील माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी केलेले हत्याकांड उजेडात आणणारे पत्रकार ते हेच. दारोदार जाण्याच्या कामात कोणत्या दारांपर्यंत जायचे हे कोणीतरी आधी ठरवत असते, आणि न्यू हॅम्पशायरसारख्या जवळजवळ संपूर्ण श्वेतवर्णीय राज्यात तो प्रश्न पडलाच नव्हता. गोऱ्या मध्यमवर्गातून आलेल्या, नावाजलेल्या महाविद्यालयांतल्या मुलांचा सभ्यपणा ज्या वस्तीत ओळखीचा वाटे तिथे पद्धत चालली. इतरत्र ती वापरून पाहण्याचीच इच्छा कमी पडली.

जिथे दारच नव्हते

मे महिन्यात इंडियाना आणि नेब्रास्कात केनेडी जिंकले, ओरेगनमध्ये मॅकार्थी, आणि ४ जूनला कॅलिफोर्नियात केनेडी. त्याच रात्री केनेडींवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ६ जूनला ते गेले. या सगळ्या लढती विद्यार्थी ज्यात तरबेज झाले होते त्याच प्रकारच्या होत्या. पण उपाध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री २७ एप्रिलला रिंगणात उतरले ते एकही प्रायमरी न लढता. त्या वर्षी पंधराच्या आसपासच राज्यांत प्रायमरी होत्या. बाकीच्या राज्यांतले प्रतिनिधी स्थानिक समित्या, राज्य अधिवेशने आणि गव्हर्नर-महापौरांच्या बैठकांतून ठरत. तिथे घरटी कार्ड तयार करून उपयोग नव्हता, कारण निर्णय घेणारी माणसे त्या घरांत राहतच नव्हती. विद्यार्थ्यांनी काही राज्यांत पक्षाच्या गावपातळीवरच्या सभांना माणसे नेण्याचा प्रयत्न केला, पण सभेची वेळ, जागा आणि नियम ज्याच्या हाती, त्याच्यापुढे संख्या अपुरी पडते. आपल्या सहकारी संस्थांची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे प्रात्यक्षिक नको.

ऑगस्टच्या अखेरीस शिकागोच्या अधिवेशनात युद्ध थांबवण्याची मागणी करणारा ठराव १,०४१ विरुद्ध १,५६७ अशा मतांनी फेटाळला गेला. २८ तारखेच्या रात्री हंफ्री यांना १,७५९ आणि मॅकार्थी यांना ६०१ प्रतिनिधींची मते पडली. बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना झोडपत होते. अधिवेशन संपल्यानंतर, ३० ऑगस्टच्या पहाटे, कॉनराड हिल्टन हॉटेलच्या खिडक्यांतून वस्तू फेकल्या गेल्याचे कारण देत पोलीस पंधराव्या मजल्यावर चढले आणि तिथे थांबलेल्या मॅकार्थी यांच्या तरुण कार्यकर्त्यांना त्यांनी खोल्यांतून बाहेर काढून मारहाण केली. दाढी काढून, केस कापून आलेली मुलेच ती होती. त्या पहाटे त्याचा उपयोग झाला नाही.

सॅम ब्राउन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी न्यू हॅम्पशायरची पद्धत पुन्हा एकदा वापरली, पण कोणत्याही उमेदवारासाठी नाही. १५ ऑक्टोबर १९६९ रोजी युद्धाच्या निषेधार्थ देशभर पाळलेल्या ‘मोराटोरियम’च्या दिवशी त्यांनी गावोगावच्या सामान्य माणसांना कामातून थोडा वेळ बाजूला काढायला सांगितले, आणि त्यात विद्यापीठांच्या बाहेरचे लोकही मोठ्या संख्येने उतरले.

शिकागोतील गदारोळानंतर पक्षाने उमेदवार निवडीच्या नियमांचा फेरविचार करण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष प्रथम मॅकगव्हर्न आणि नंतर डोनाल्ड फ्रेझर होते. आयोगाच्या शिफारशींनंतर १९७२ मध्ये प्रायमरी घेणाऱ्या राज्यांची संख्या वीसच्या पुढे गेली, प्रतिनिधींत तरुण आणि स्त्रिया यांचे प्रमाण वाढवणे राज्यांवर बंधनकारक झाले, आणि प्रतिनिधी निवडीची प्रक्रिया निवडणुकीच्याच वर्षात पुरी करण्याची अट आली. ही शेवटची अट का घालावी लागली तेही आयोगाने आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे: १९६८ च्या अधिवेशनातले एक तृतीयांशाहून अधिक प्रतिनिधी जवळपास १९६८ उजाडण्याआधीच ठरून गेलेले होते, म्हणजे बोस्टनहून निघालेल्या पहिल्या विद्यार्थ्याने नॅशुआ किंवा काँकर्डमधले पहिले दार वाजवले त्याच्याही आधी.